'आग्रहाचे निमंत्रण' आणि विवाहाचे संकेतस्थळ : दहिसरच्या संदर्भात एका संहितेची चिकित्सा

सारांश :
पाहुण्यांना वेळोवेळी माहिती मिळावी यासाठी विवाहाचे स्वतंत्र संकेतस्थळ तयार करण्याची प्रथा मुंबईच्या उपनगरांतील मराठी कुटुंबांत रुजू लागली आहे. प्रस्तुत निबंधात या संकेतस्थळाकडे एक संहिता म्हणून पाहिले असून छापील लग्नपत्रिकेच्या परंपरेशी त्याची तुलना केली आहे. निमंत्रण, माहिती आणि नोंद ही विवाहविषयक लेखनाची तीन कार्ये होत. यांपैकी माहितीचे कार्य संकेतस्थळ उत्तम रीतीने पार पाडते. निमंत्रणाचे कार्य ते गृहीत धरते. आणि नोंदीचे कार्य त्याच्याकडून जवळजवळ होतच नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लग्नपत्रिका, निमंत्रण, संकेतस्थळ, यजमान, देवनागरी, उपनगर.

प्रस्तावना :
दहिसर हे पश्चिम रेल्वेवरील बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तरेकडचे अखेरचे स्थानक होय. त्यापुढील मीरा रोड ठाणे जिल्ह्यात मोडते. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढविण्यात आली आणि दहिसर शहरात आले. येथे आगरी, कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळी सोडून आलेली कोकणी व घाटावरची कुटुंबे तिच्यात मिसळली, आणि गुजराती शेजारही मोठा आहे. एका लग्नाच्या निमित्ताने येथे जमणारे आप्त आज एका वाडीत राहत नाहीत. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, कोणी सिंधुदुर्गातील मूळ गावी, तर कोणी अमेरिकेत स्थायिक झालेले असतात. अशा विखुरलेल्या गोतावळ्याला एकाच वेळी व एकसारखी माहिती पुरविणे ही लग्नघराची खरीखुरी अडचण आहे. विवाहाचे संकेतस्थळ हे तिच्यावर शोधलेले उत्तर होय.

या विषयाकडे लक्ष वेधले जाण्यास एक घरगुती प्रसंग निमित्त झाला. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका लग्नाच्या संकेतस्थळाचा दुवा सर्वांच्या भ्रमणध्वनीवर आला. घरातील वयोवृद्ध आत्याबाईंना तो उघडून दाखविला. तारीख, सभागृह, हळदीची वेळ, वाहनतळ, सारे काही त्यात होते. आत्याबाईंनी ते शांतपणे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "माहिती कळली. बोलावणं कधी येणार?" या प्रश्नात रुसवा नव्हता. माहिती आणि बोलावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच त्यांनी सहज सांगितले होते. पुढील सर्व विवेचन या भेदाभोवती फिरते.

येथे कोणत्याही एका कुटुंबाचे संकेतस्थळ चर्चेला घेतलेले नाही, कारण ते खाजगी लेखन होय. तयार नमुन्यांवरून बनविल्या जाणाऱ्या अशा संकेतस्थळांची रचना बरीच ठरावीक असते. मुखपृष्ठ, 'आमची गोष्ट', कार्यक्रम, स्थळ व येण्याचा मार्ग, छायाचित्रे, उपस्थिती कळविण्याचा तक्ता आणि भेटवस्तूंची यादी हे तिचे सामान्य विभाग होत. ही सर्वसाधारण रचनाच येथे अभ्यासविषय मानली आहे.

१. छापील पत्रिका : पूर्वी तीही उपरीच
संकेतस्थळावर टीका करताना छापील पत्रिका म्हणजे जणू सनातन परंपरा, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. मराठी समाजात निमंत्रणाचे मूळ रूप अक्षत हे होय. कुलदैवताला व गणपतीला पहिली अक्षत देऊन मग घरोघर जाऊन बोलावणे करावयाचे, हा क्रम होता. मुद्रणकला सार्वत्रिक झाल्यावर पत्रिका आली आणि तिने अक्षतीची जागा हळूहळू घेतली. गिरगावातील कांदेवाडी, म्हणजे आजचा खाडिलकर मार्ग, लग्नपत्रिकांच्या दुकानांसाठी ओळखला जाऊ लागला. उपनगरांत राहावयास गेलेली कुटुंबेही पत्रिका 'टाकण्यासाठी' पुन्हा गिरगावात उतरत असत.

मात्र या पत्रिकेने आपले उपरेपण कधी लपविले नाही. समयाभावी प्रत्यक्ष भेट न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे, हे तिच्यातील ठरीव वाक्य पाहावे. आपण आज ते वाचल्यासारखे करून सोडून देतो. परंतु त्यात एक संपूर्ण सामाजिक करार आहे. खरे निमंत्रण म्हणजे भेट. कागद हा तिचा नाइलाजाचा पर्याय. आणि हा पर्याय वापरल्याबद्दल यजमान दिलगीर आहे, असे ते वाक्य सांगते. छापील पत्रिका स्वतःच्या अपुरेपणाची कबुली देते आणि त्या कबुलीमुळेच ती निमंत्रण ठरते. संकेतस्थळाच्या ठरीव रचनेत अशा कबुलीला जागाच नाही. ते स्वतःला परिपूर्ण समजते. आत्याबाईंना जे खटकले त्याचे मूळ येथे आहे. माध्यम नवे असल्याने ते खटकले, असे म्हणता येत नाही. त्या माध्यमात नम्रतेचे वाक्य नव्हते, म्हणून ते खटकले.

२. यजमानांचा आवाज आणि वधूवरांचा आवाज
पत्रिकेचा निवेदक कोण, हा दुसरा प्रश्न. पारंपरिक पत्रिकेत आईवडील किंवा कुटुंबातील वडीलधारे बोलतात. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या प्रारंभातील 'आमचे' म्हणजे घराचे. ज्यांचे लग्न आहे ती दोघे तृतीय पुरुषात असतात. त्यातही व्याकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. वराचा उल्लेख 'यांचा शुभविवाह' असा आदरार्थी बहुवचनात होतो, तर वधूचा 'हिच्याशी' असा एकवचनात. 'चि. सौ. कां.' हे उपपद वधूला केवळ भावी सौभाग्याच्या नात्याने ओळखते. यजमान माता विधवा असल्यास 'ग. भा.' हे उपपद तिचे वैधव्य निमंत्रणाच्या पहिल्याच ओळीत जाहीर करते. अनेक घरांत अशा मातेचे नाव निमंत्रक म्हणून घालावे की दिराचे, यावर कुजबुज होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. मंगलकार्यात कोणाचे नाव पुढे यावे हा प्रश्न अजून जिवंत आहे, याचीच ही साक्ष होय.

संकेतस्थळावर हे चित्र उलटते. तेथे वधूवर स्वतः बोलतात. 'आमची गोष्ट' या विभागात ती कशी भेटली, कोणी आधी विचारले, घरी केव्हा सांगितले, हे प्रथम पुरुषात येते. जुन्या पिढीला हा आगाऊपणा वाटतो. परंतु मराठी वाङ्मयाच्या परंपरेत पाहता तो तसा ठरत नाही. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबा हिचे 'धवळे' हे विवाहगीत होय. त्याचा विषय श्रीकृष्ण व रुक्मिणी यांचा विवाह हा आहे. याच कथेवर संत एकनाथांनी १५७१ साली वाराणसीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. या कथेत भावाने शिशुपालाशी विवाह ठरविला असता रुक्मिणी स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावते. घरातील पुरुषांनी एक वऱ्हाड बोलाविले आहे आणि वधूने स्वतंत्र निमंत्रण धाडले आहे, अशी ही दोन निमंत्रणांची कथा आहे. आपल्या परंपरेने यातील वधूचे पत्र शतकानुशतके आदराने गायिले आणि छापील पत्रिकेत मात्र वधूला गप्प बसविले.

आधुनिक काळातही या आवाजाचा एक ठळक पूर्वाधार आहे. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. महात्मा फुले यांनी या पद्धतीसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू व वर एकमेकांशी मराठीत बोलतात आणि वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन घेते. वधूवरांनी आपल्या भाषेत स्वतःच्या विवाहाविषयी बोलावे ही कल्पना परदेशी नमुन्यातून प्रथम आलेली नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. संकेतस्थळावरील 'आमची गोष्ट' ही या परंपरेची वारस होऊ शकते. ती तशी क्वचितच होते, याचे कारण ती बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते आणि तिचा साचा चित्रपटातून घेतलेला असतो. जेथे वधूवर खरोखर बोलतात, उदाहरणार्थ दोन भिन्न भाषिक घरांनी एकमेकांना कसे स्वीकारले हे सांगतात, तेथे हा विभाग पत्रिकेपेक्षा निःसंशय सरस ठरतो.

३. शंभर नावे आणि दोन नावे
छापील पत्रिकेत जागा थोडी असते. तरीही आगरी-कोळी समाजातील किंवा घाटावरील पत्रिका उघडली तर आशीर्वाद देणारे, निमंत्रक, व्यवस्थापक, मामा, आत्या आणि समस्त परिवार अशी नावांची दाटी दिसते. खाली एखाद्या चौकटीत मामाच्या किंवा ताईच्या लग्नाला यायचं हं, असे बजावणारी बालगोपाळांची नावेही असतात. संकेतस्थळाला जागेची मर्यादा नाही. तरी त्यावर नावे असतात दोनच. या विरोधाभासाचा अर्थ लावला पाहिजे.

पत्रिकेतील नामावली हा निव्वळ बडेजाव नव्हे. ती मानपानाची सनद असते. कोणाचे नाव आधी, कोणाचे गळले, यावरून वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, हे खरे. ती जातीचा व कुळाचा फलकही असते. कुलस्वामिनी, आडनाव व मूळगाव या तीन खुणांवरून वाचणारा बरेच काही ओळखतो. म्हणून तिचे गोडवे सरसकट गाणे योग्य होणार नाही. तथापि, ज्याचे नाव पत्रिकेत छापले जाते त्याच्यावर कार्याची जबाबदारीही येते. 'व्यवस्थापक' म्हणून छापलेला चुलतभाऊ पंगतीत पाणी वाढावयास उभा राहतोच. दोन नावांचे संकेतस्थळ जातकुळीच्या खुणा मागे टाकते, ही जमेची बाजू. पण त्याचबरोबर लग्न हे अनेकांनी मिळून करावयाचे कार्य आहे ही जाणीवही ते मागे टाकते. पाहुणा तेथे प्रेक्षक होतो. दहिसरच्या गावठाणात आजही हळदीच्या रात्री धवलारीण उभी राहून गाऊ लागली की सारे घर तिच्या मागे म्हणते. संकेतस्थळाच्या 'कार्यक्रम' विभागात मात्र 'हळद, सायंकाळी ७, पिवळा पोशाख' एवढीच ओळ उरते. धवलारिणीला तेथे स्थान नाही, कारण त्या रकान्यात वेळ, स्थळ आणि पोशाख एवढेच भरता येते.

४. नारायणाचे काम
आता माहितीच्या कार्याकडे वळू. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) या पुस्तकातील 'नारायण' मराठी वाचकाला परिचित आहे. लग्नघरी सर्व धावपळ करणारा, कोणाला काय हवे आणि कोण कोठे उतरले आहे हे ठाऊक असणारा, सर्वांच्या हक्काचा आणि कार्य संपताच सर्वांच्या विस्मरणात जाणारा असा तो माणूस. १९७९ पासून प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी एकट्याने रंगविलेल्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगातील गोंधळही मूलतः माहितीचाच गोंधळ आहे. कोण निघाले, कोण राहिले, काय घ्यावयाचे, कसे जावयाचे, हे एकाच वेळी सर्वांना कळत नाही, म्हणून हसू फुटते.

संकेतस्थळ हे नारायणाचे काम करते, आणि चांगले करते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दहिसरचेच उदाहरण घ्यावे. चर्चगेटहून बोरिवली लोकलने निघालेला पाहुणा एक स्थानक अलीकडेच अडकतो, म्हणून विरारकडे जाणारी व दहिसरला थांबणारी गाडी धरावी, ही सूचना छापील पत्रिकेत कधी नसते. पूर्व व पश्चिम यांत रेल्वेमार्ग आडवा असल्याने चुकीच्या बाजूला उतरलेल्या वृद्ध पाहुण्याला जिना चढून पुन्हा उलटे यावे लागते. २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रोच्या २अ व ७ या मार्गिकांचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १९ जानेवारी २०२३ रोजी दोन्ही मार्गिकांचे उर्वरित टप्पे खुले झाले. त्यानंतर अंधेरीकडून येणाऱ्यास दहिसर पूर्व, आनंदनगर किंवा कांदरपाडा यांपैकी कोणते स्थानक जवळचे, हे सांगणे आवश्यक झाले. पथकर नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून सूट मिळाली, हे पालघर किंवा वसईहून गाडीने येणाऱ्यास उपयोगी ठरते. पावसाळ्यात दहिसर नदीला पूर आला किंवा सभागृहाची वेळ बदलली, तर छापील पत्रिका असहाय असते. संकेतस्थळावर मात्र एक ओळ बदलली की सर्वांना नवी माहिती मिळते.

या उपयुक्ततेची कसोटी करोनाकाळात लागली. मे २०२० मध्ये विवाहास ५० पाहुण्यांची मर्यादा घालण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ वर आली, आणि २२ एप्रिलपासून समारंभ दोन तासांत उरकणे बंधनकारक होऊन उल्लंघनास ५०,००० रुपये दंड ठरला. छापून तयार असलेल्या पत्रिका घरोघर पडून राहिल्या. त्या काळात लग्न पुढे गेले हे सांगणे, न बोलावल्याबद्दल क्षमा मागणे आणि दुरूनच अक्षता टाकण्याची सोय करणे ही तिन्ही कामे भ्रमणध्वनीवरील दुव्यांनी केली. परदेशस्थ मराठी कुटुंबांची जुनी गरज त्या वर्षी सर्वांचीच गरज झाली. संकेतस्थळाला लाभलेली प्रतिष्ठा बव्हंशी त्या दोन वर्षांची कमाई आहे.

परंतु नारायण आणि संकेतस्थळ यांत एक फरक उरतोच. नारायणाला विचारता येते. कोणत्या आजोबांना गुडघेदुखी आहे आणि कोणत्या मावशींना जेवणात कांदा-लसूण चालत नाही, हे तो जाणतो. संकेतस्थळाला फक्त वाचता येते. म्हणून ज्या संकेतस्थळावर 'संपर्क' म्हणून एखाद्या उत्साही भाच्याचे नाव असते, तेच खऱ्या अर्थाने पाहुण्यांच्या कामाचे ठरते.

५. 'येणार का?' हा प्रश्न
उपस्थिती कळविण्याचा तक्ता हा संकेतस्थळाचा सर्वांत वादग्रस्त भाग. 'सहकुटुंब सहपरिवार' बोलावल्यानंतर 'किती जण येणार?' असे विचारणे मराठी शिष्टाचारास सोडून आहे, असा आक्षेप ऐकू येतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पाने किती मांडावयाची याचा अंदाज लग्नघराने नेहमीच घेतला आहे. गावाहून निघणाऱ्या वऱ्हाडाच्या गाडीत किती जागा धरावयाच्या, हे पूर्वीही विचारले जाई. आज जेवणाचा हिशेब ताटामागे ठरतो आणि उरलेल्या अन्नाची नासाडी डोळ्यांदेखत होते. त्यामुळे मोजणी करणे गैर नाही. प्रश्न तिच्या भाषेचा आहे.

तयार नमुन्यात 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही' असे तीन पर्याय असतात. यजमानाने पाहुण्यापुढे 'नाही' हा पर्याय स्वतःहून ठेवणे, हेच आग्रहाच्या भाषेशी विसंगत आहे. मराठीत आग्रह ही नुसती भावना नाही. तो एक व्यवहार आहे. यजमान 'यायलाच हवे' म्हणतो, पाहुणा 'बघतो' म्हणतो, आणि त्या 'बघतो'चा अर्थ दोघांनाही कळतो. तक्ता ही संदिग्धता संपवितो. 'आपण सर्व येणारच. पाने मांडण्यास सोयीचे व्हावे म्हणून संख्या तेवढी कळवावी' असे एक वाक्य वर घातले, तर तोच तक्ता मराठी होतो. आहेराबाबतही असेच म्हणावे लागेल. 'कृपया आहेर आणू नये' असे छापणाऱ्या समाजाला भेटवस्तूंची यादी पुढे करणारा विभाग देणे म्हणजे साच्याने आपल्या संस्कृतीवर केलेली कुरघोडी होय. तो विभाग काढून टाकता येतो. अनेक जण तो काढत नाहीत, कारण साचा बदलता येतो हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

६. 'वऱ्हाड' हा शब्द आणि लिपीचा प्रश्न
मराठी घरचे लग्न, मराठी पाहुणे, छापील पत्रिका मराठीत. आणि संकेतस्थळ तेवढे इंग्रजीत, असे दृश्य वारंवार दिसते. याचे खापर केवळ न्यूनगंडावर फोडणे हे अर्धसत्य होईल. त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. पत्रिका छापणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतील जुने टंक वापरले गेले. त्यांत जुळविलेला मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने तो संकेतस्थळावर चिकटविला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. मजकूर पुन्हा टंकलिखित करण्यास वेळ नसतो, आणि मग इंग्रजी सोयीची वाटते. जो हौसेने मराठीत लिहू पाहतो त्याची परीक्षा 'वऱ्हाड' याच शब्दाशी होते. त्यातील अर्धा र कळफलकावर सहज सापडत नाही, म्हणून 'वर्हाड' असे चुकीचे रूप उमटते. लग्नाच्या मराठीतील मुख्य शब्दच नीट लिहिता येत नसेल, तर माणूस नाउमेद होणारच.

२०१४ साली '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध झाले. परंतु विवाहाच्या संकेतस्थळांचे पत्ते रोमन लिपीतील दोन पहिली नावे जोडूनच बनत राहिले. दहिसरसारख्या ठिकाणी मराठी-गुजराती विवाहात दोन्ही घरांना समजणारी भाषा म्हणून इंग्रजी निवडली जाते, तेव्हा तिच्यामागील सद्भाव समजू शकतो. पण गुजराती घरची कंकोत्री गुजरातीत आणि मराठी घरची पत्रिका मराठीत निघत असेल, तर तीन भाषांची तीन पाने ठेवण्यास संकेतस्थळाइतके सोयीचे माध्यम दुसरे नाही. कागदावर जे खर्चिक होते ते येथे विनामूल्य आहे. ही संधी न वापरणे हा माध्यमाचा दोष नाही.

मराठीत लिहिल्यास पत्रिकेतील व्याकरणिक विषमताही सुटू शकते. 'यांचा' आणि 'हिच्याशी' हा भेद इंग्रजीत आपोआप नाहीसा होतो, असे इंग्रजीचे समर्थक म्हणतात. परंतु 'आम्ही दोघे विवाहबद्ध होत आहोत' या साध्या मराठी वाक्यातही तो नाहीसा होतो. समतेसाठी भाषा सोडावी लागत नाही. निवेदक बदलला की पुरे.

७. नोंद आणि गोपनीयता
मुखपृष्ठावर मुहूर्तापर्यंतचे दिवस, तास व सेकंद उलटे मोजणारे घड्याळ असते. पूर्वी मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. ते भरून बुडाले की अंतरपाट दूर होई. दोहोंतील साम्य लक्षणीय आहे. मात्र घटिकापात्र बुडाल्यावर लग्न लागे; संकेतस्थळावरील घड्याळ शून्यावर आल्यावर काही दिवसांत संकेतस्थळच बुडते. जागेचे भाडे संपते, दुवा मृत होतो.

छापील पत्रिका मात्र उरते. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये विवाहाची नोंदणी करताना पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिल्यापासून तिचे महत्त्व वाढलेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की ट्रंकेत जपलेल्या पत्रिकांवरून घराण्याचा इतिहास जुळविता येतो. कोणत्या साली कुटुंब लालबागहून दहिसरला आले, हे पत्रिकेवरील पत्त्यावरून कळते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला हे साधन मोलाचे आहे. संकेतस्थळांच्या पिढीची अशी ट्रंक कोठे असेल?

याच्या उलट बाजूस गोपनीयतेचा प्रश्न आहे. जोवर संकेतस्थळ जिवंत असते तोवर ते अनोळखी माणसालाही दिसू शकते. घरातील सर्व मंडळी कोणत्या दिवशी बाहेर असणार, हे त्यावर तारखेनिशी लिहिलेले असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळली आहे. म्हणजे येथे काळजी घ्यावयाची ती घरानेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या रूपात येणाऱ्या घातक फायलींविषयी इशारा दिला होता. निमंत्रण उघडण्याचीच भीती वाटावी, ही गोष्ट निमंत्रणाच्या कल्पनेवरच आघात करणारी आहे. ओळखीच्या माणसाने आधी दूरध्वनीवर बोलून मग दुवा पाठविणे हा त्यावरील साधा उपाय. म्हणजे पुन्हा प्रत्यक्ष बोलावण्याकडेच यावे लागते.

निष्कर्ष :
१) विवाहाचे संकेतस्थळ हे पत्रिकेपेक्षा नारायणाचे वारस आहे. माहिती पुरविण्याच्या कार्यात ते पत्रिकेपेक्षा श्रेष्ठ आहे आणि विखुरलेल्या उपनगरी गोतावळ्याला त्याची खरी गरज आहे.
२) वधूवरांना मिळालेला आवाज ही त्याची सर्वांत मोलाची देणगी होय. रुक्मिणीच्या पत्राची कथा आणि सत्यशोधक मंगलाष्टके यांत तिला मराठी पूर्वाधार आहे.
३) उपस्थितीचा तक्ता, भेटवस्तूंची यादी व दोनच नावांचे मुखपृष्ठ हे दोष माध्यमाचे नसून न तपासता स्वीकारलेल्या साच्याचे आहेत.
४) मराठीचा अभाव अंशतः तांत्रिक अडचणींतून आलेला असला तरी त्या अडचणी आज दूर करता येण्यासारख्या आहेत. बहुभाषिक विवाहांत तर हे माध्यम मराठीला अधिक जागा देऊ शकते.
५) नोंद टिकावी यासाठी संकेतस्थळाच्या मजकुराची एक छापील प्रत तरी घरी जपून ठेवावी. पत्ते व दूरध्वनी क्रमांक असलेली पाने परवलीच्या शब्दाआड ठेवावीत.

समारोप :
छापील पत्रिकेने अक्षतीची जागा घेतली तेव्हा तिने एका वाक्यात क्षमा मागितली आणि त्या वाक्याच्या बळावर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. संकेतस्थळाला पत्रिकेची जागा घ्यावयाची असेल, तर त्यालाही तसे एखादे वाक्य शोधावे लागेल. ते सापडेपर्यंत दोन्ही गोष्टी चालू ठेवणे इष्ट. आत्याबाईंच्या घरी अखेर वधूचे वडील मुद्दाम येऊन पत्रिका व अक्षता देऊन गेले. लग्नाच्या दिवशी दहिसरच्या कोणत्या बाजूला उतरावयाचे हे मात्र त्यांनी भाच्याकडून संकेतस्थळ उघडूनच विचारून घेतले. निमंत्रण हातात आणि माहिती पडद्यावर, अशी ही वाटणी त्यांनी कोणतीही चर्चा न करता केली. या विषयावर निघू शकणारा सर्वांत समंजस निष्कर्ष बहुधा तोच असावा.